डीपी की डीआय? जुन्या जीपमधलं इंजिन ओळखताना

पार्टच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न हाच येतो: "डीपी की डीआय?" १० फेब्रुवारी २०२४ ला आरसी पुढे केली. त्यावर महिंद्रा एमएम ५४० डीपी, २११२ सीसी, १९९४ असं लिहिलेलं होतं. १४० रुपयांना टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग मिळालं. कव्हरमधून तेल झिरपून गरम मॅनिफोल्डवर पडत होतं आणि गाडीत जळका वास येत होता. पॅकिंग बदललं की काम झालं, असा हिशोब होता.

कव्हर उघडून पॅकिंग लावायला घेतलं तर बसेना. मागची कड जुळवली की पुढची अर्धं बोट बाहेर, आणि बोल्टची भोकं कुठल्याच बाजूने समोरासमोर येईनात. दुकानदाराने चुकीचा माल दिला असणार, हा पहिला संशय. पाकिटावर डीपी छापलेलं होतं, तेव्हा तो फिटला. म्हणजे माल बरोबर होता आणि इंजिन दुसरंच होतं.

एवढ्यावर हसून सोडून देता आलं असतं, पण आरसीची मुदत १६ एप्रिलला संपत होती. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्या पासिंगला चेसिस नंबरबरोबर इंजिन नंबरही बघतात. हातात दोन महिने होते.

आधी थोडं घराणं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. महिंद्राच्या त्या काळातल्या डिझेल जीपमध्ये प्रामुख्याने तीन इंजिनं भेटतात. डीपी म्हणजे डिझेल प्यूजो, गॅरेजच्या भाषेत "पिजो". हे एक्सडीपी ४.९० इंजिन. प्यूजोच्या सहकार्याने ते इगतपुरीच्या कारखान्यात बनायचं. ४.९० हे नाव म्हणजेच त्याचं माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोर (सिलिंडरचा आतला व्यास). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ८३. दुसरं एक्सडी३पी, तेही प्यूजोचंच, पण बोर ९४, स्ट्रोक ९० आणि २४९८ सीसी. सुरुवातीच्या बोलेरोत हेच होतं. तिसरं डीआय, म्हणजे महिंद्राचं डायरेक्ट इंजेक्शन, २५२३ सीसी, बोर ८८.९, स्ट्रोक १०१.६. हे आकडे विचित्र वाटतात, पण इंचात मांडले की सरळ साडेतीन आणि चार होतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं रक्त आहे ते.

सीसी स्वतः काढून बघायची असेल तर बोर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले ४. डीआयचे आकडे घातले की २५२३ येतं, पिजोचे घातले की २११२. बाहेरची इंजिनंही जीपमध्ये बसवलेली सापडतात. टाटाच्या नावांतही हीच युक्ती आहे: ४८३ म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ चा बोर (१९४८ सीसी), ४९७ म्हणजे ९७ चा बोर (२९५६ सीसी).

पहिले तीन दिवस कागदांत गेले. एमपरिवहन ॲपवर इंजिन नंबरचे काही आकडे झाकलेले दिसतात, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. डिजिलॉकरमधल्या आरसीवर पूर्ण नंबर असतो, तो उतरवून घेतला. इन्शुरन्स पॉलिसीवरही इंजिन नंबर असतो, पण तो आरसीवरूनच उचललेला, म्हणून त्याला दुसरा पुरावा मानू नये. जुनं पुस्तकरूपी आरसी कुणाकडे असेल तर त्याचं पान न् पान बघावं. इंजिन बदलल्याची नोंद तिथे हाताने लिहून शिक्का मारलेली असते आणि पुढे स्मार्टकार्ड करताना ती गळून पडलेली असू शकते. आमच्या पुस्तकात अशी नोंद नव्हती. कागद फक्त एवढंच सांगतो की गाडी कारखान्यातून काय घेऊन निघाली. तीस वर्षांत बॉनेटखाली काय झालं ते इंजिनाच्या ब्लॉकलाच विचारावं लागतं.

१७ फेब्रुवारीला, शनिवारी, ब्लॉक धुवायला घेतला. एक लिटर डिझेल, जुना टूथब्रश, वायर ब्रश आणि ढीगभर चिंध्या. काजळी आणि तेलाचा थर इतका जाड होता की आधी स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागला. नंबर शोधताना दोन गोष्टींत गल्लत होते. ब्लॉकच्या अंगावर उठावाची अक्षरं असतात, ती ओतकामाची. साच्यातून आलेली असल्यामुळे त्या साच्याच्या सगळ्या ब्लॉकवर ती सारखीच असतात. इंजिन नंबर मात्र आत दाबलेला असतो, पंचाने ठोकलेला, आणि त्यासाठी ब्लॉकवर मशीनने सपाट केलेली छोटी जागा असते. हेड (सिलिंडरवरचं झाकण) जिथे ब्लॉकला मिळतं त्या सांध्याखालची पट्टी दोन्ही बाजूंनी बोटाने चाचपत जायचं. खडबडीत ओतकामात अचानक गुळगुळीत चौकोन लागला की थांबायचं.

इथे ग्राइंडर, कानस, खरखरीत पॉलिश पेपर यातलं काहीही लावायचं नाही. घासलेला नंबर आणि खाडाखोड केलेला नंबर इन्स्पेक्टरच्या नजरेला एकच दिसतो. डिझेलने धुवावं, कोरडं करावं, खडू घासावा आणि वरवर पुसावं. खाचांत पांढरी पूड राहते. मग टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ ब्लॉकला टेकवून धरायचा. सावल्या पडल्या की ३ आणि ८, ५ आणि एस, शून्य आणि ओ वेगळे होतात. समोरून उजेड टाकून काढलेल्या फोटोत आमचा एक ८ सरळ सरळ ३ दिसत होता.

पेन्सिल प्रिंटही तेव्हाच काढून ठेवली, कारण आरटीओला ती लागतेच. खडू पूर्ण पुसून टाकला, नंबरावर मऊ पेन्सिलचं शिसं आडवं घासलं, रुंद सेलोटेप हवेचे फुगे न ठेवता चिकटवली आणि सावकाश ओढून पांढऱ्या कागदावर लावली. चार प्रती काढल्या. पहिली बहुतेक वेळा वाया जाते. पुन्हा पुन्हा बॉनेटखाली वाकण्यापेक्षा एकदाच चार काढलेल्या बऱ्या.

नंबर आरसीशी जुळला नाही. एखाददुसरा आकडा चुकला असता तर टायपिंगची चूक म्हणता आलं असतं, पण सुरुवातीच्या अक्षरांपासून सगळाच वेगळा होता. पोटात गोळा आला, हे लपवत नाही. न जुळणारा इंजिन नंबर म्हटलं की चोरीचं इंजिन हाच विचार आधी येतो. म्हणून त्याच संध्याकाळी एका कोऱ्या वहीत तारीख टाकून काय काय सापडलं ते लिहायला सुरुवात केली, फोटोंसकट. पुढे साहेबांपुढे ही वही बरीच कामाला आली.

नंबरावरून हे दुसरं इंजिन आहे एवढं कळलं. कोणतं, ते कळलं नाही. त्यासाठी सोपी खूण म्हणजे हीटर प्लग. पिजोमध्ये डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारलं जातं आणि तिथून ज्वाळा सिलिंडरमध्ये येते. थंड इंजिनात ही कोठडी तापवायला प्रत्येक सिलिंडरला एक, असे चार हीटर प्लग हेडमध्ये बसवलेले असतात आणि एका पट्टीने किंवा वायरने जोडलेले असतात. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं, त्यामुळे या प्लगांची गरज नसते. आमच्या हेडवर प्लग नव्हते. पण फायरवॉलच्या भोकातून एक जाड वायर बाहेर येऊन नुसतीच लोंबत होती, टोकाला काळी टेप गुंडाळलेली, आणि टेप उन्हाने कडक होऊन चिरलेली. डॅशबोर्डवरची किल्ली हीटरच्या खुणेकडे फिरवली की त्या वायरमध्ये बारा व्होल्ट यायचे. गाडी पिजो म्हणून जन्मली होती, याचा तेवढाच जिवंत साक्षीदार.

वायर तुटलेली असणं आणि प्लग नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवावं. पिजोचे प्लग खराब झाले की काही लोक वायर काढून ठेवतात आणि ढकलून गाडी चालू करतात. बघायचं ते हेड. वायरवरून ठरवू नये.

पुढची तपासणी थोडी खटपटीची, पण सगळ्यात खात्रीची. डिझेल फवारणारं नोझल काढायचं आणि त्या भोकातून काडी घालायची. पिजोमध्ये काडी कोठडीत जाऊन अडते, पिस्टनपर्यंत पोचत नाही. डीआयमध्ये थेट पिस्टनवर टेकते, आणि पिस्टन खालीवर केला की स्ट्रोकच मोजता येतो.

हे १८ तारखेला केलं. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, म्हणजे चुकूनही कुणी सेल्फ मारणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. नोझलच्या आजूबाजूची घाण पुसून आणि हवा मारून काढली, कारण भोकात पडलेला वाळूचा कण लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, रेघ ओढतो. हाय प्रेशर पाइपच्या दोन्ही टोकांचे नट सोडले आणि तोंडांना स्वच्छ प्लॅस्टिक बांधलं. पाइप वाकवून बाजूला सारायचा नाही, पूर्ण काढायचा. नोझल कार्बनने धरलेलं होतं. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, म्हणून सकाळी हलक्या हाताने डावीउजवीकडे फिरवत निघालं. हातोडी मारायची नाही. खालचं तांब्याचं वॉशर भोकातच चिकटून राहिलं तर तेही बाहेर काढायचं, आणि परत बसवताना नवीनच घालायचं. आम्हाला ते वीस रुपयांना मिळालं. जुनं वॉशर घातलं की तिथून दाब फुसफुसत राहतो.

काडी म्हणून तीन मिलिमीटरची पितळी वेल्डिंग काडी घेतली, साधारण ४० सेंटिमीटर. पितळ मऊ असल्यामुळे पिस्टनला ओरखडा पडत नाही. वरचं टोक काटकोनात वाकवून घेतलं. हे विसरू नका, नाहीतर काडी आत पडली की हेड उघडण्याशिवाय गत्यंतर नाही. एक माणूस पुढच्या पुलीच्या नटावर बॉक्स पाना लावून इंजिन हळूहळू फिरवतो, दुसरा दोन बोटांत काडी सैल धरून बसतो. काडी कुठे अडकते असं वाटलं की लगेच "थांब" म्हणायचं. एकच नोझल काढलं असेल तर बाकीच्या तीन सिलिंडरचा दाब पान्याला झटके देतो. चारही काढली तर इंजिन मऊ फिरतं, पण मग चार वॉशर आणि चारपट काम. आम्ही एकावरच भागवलं.

पिस्टन वर आला तिथे काडीवर टेपची खूण, खाली गेला तिथे दुसरी. तीन वेळा मोजलं: ९८, १०१, १०० मिलिमीटर. नोझल तिरकं असतं आणि पिस्टनच्या डोक्यावर खळगा असतो, म्हणून अगदी १०१.६ ची अपेक्षा ठेवू नये. पण ८३ आणि १०० मधला फरक त्यात लपत नाही. शिवाय काडी पिस्टनपर्यंत गेली, म्हणजे दोन्ही पिजो बाद. टाटाच्या ४९७ चा स्ट्रोक १०० आहे, त्यामुळे नुसत्या काडीवर डीआयचा शिक्का मारता आला नसता. त्यासाठी पॅकिंगची परीक्षा बाकी होती.

दरम्यान आसपासच्या गॅरेजवाल्यांची मतं घेणं चालूच होतं आणि त्यांतलं बरंचसं निरुपयोगी निघालं. एकाने डिझेल पंप बघून पिजो सांगितलं. पंप ही सर्वांत फसवी खूण आहे, कारण तीस वर्षांत पंप दोनदा तरी बदललेला असतो. एअर क्लीनरची पेटी, टॅपेट कव्हरवरचं स्टिकर, बॉनेटवरची पट्टी, सगळं जुन्या बाजारात किलोवर मिळतं. आवाजावरून ओळखणारे म्हातारे मिस्त्री आहेत, आणि डीआयचा खडखडाट पिजोपेक्षा कोरडा असतो हे खरंही आहे. पण डिझेल फवारण्याचं टायमिंग पुढे सरकलेलं असेल तर पिजोही तसाच बोलतो. मला त्यातल्या त्यात उपयोगी वाटली ती इंजिन फाउंडेशनची तपासणी. चेसिसवरच्या ब्रॅकेटला गॅस कटरने कापल्याच्या लाटा आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या वेल्डिंगचे जाड मणी दिसले, तर इंजिन नंतर बसवलेलं आहे हे नक्की. आमच्याकडे डाव्या बाजूला ते होते, रंगाखाली.

२० तारखेला पुन्हा काउंटर. या वेळी आरसी खिशातच ठेवली आणि जुनं, फाटलेलं पॅकिंग सोबत नेलं. डीआयचं पॅकिंग १६० रुपये. जुन्यावर ठेवलं तर भोकाला भोक. हा क्रम सगळ्यांनी पाळावा: आधी दीडशे रुपयांचं पॅकिंग आणून बघायचं, मग हेड गॅस्केट किंवा लायनर-पिस्टनच्या संचाला हात घालायचा. दुकानदार उघडलेलं हेड गॅस्केट परत घेत नाही.

इथपर्यंतचं काम हाताचं होतं. पुढचं पायाचं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा तर नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. आधीच्या मालकाने हे केलेलं नव्हतं. २४ फेब्रुवारीला त्यांना गाठलं. माणूस सरळ. मायलेज आणि ओढीसाठी २०११ मध्ये एका महिंद्रा कमांडर जीपचं इंजिन भंगारातून घेऊन बसवलं, असं त्यांनी सांगितलं आणि ट्रंकेतून बिलाची झेरॉक्सही काढून दिली. बिलावर मूळ गाडीचा नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही होते. आमच्या पेन्सिल प्रिंटशी इंजिन नंबर अक्षर न् अक्षर जुळला. आठवडाभराचा गोळा तिथे विरघळला.

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की ओटीपी जातो. आमचा गेला तो कुठल्यातरी एजंटच्या मोबाइलवर, कारण मालकी बदलताना त्याने स्वतःचा नंबर टाकला होता. तो बदलून घेण्यात चार दिवस गेले. ज्यांना पुढे काही काम काढायचं आहे त्यांनी हे आजच तपासून ठेवावं. ५ मार्चला गाडीतल्या बदलाचा अर्ज भरला, १५ मार्चला गाडी नेली. निरीक्षकांनी चेसिस बघितला, इंजिन नंबर बघितला, वही चाळली आणि एक कागद कमी काढला: ज्या गाडीतून इंजिन आलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा. मागणी योग्यच आहे. नाहीतर एकच इंजिन कागदावर दोन गाड्यांत फिरत राहील. भंगारवाल्याच्या फाइलीत ते पत्र होतं, पण फाइल गोदामात, आणि गोदामाची किल्ली गावी गेलेल्या मुलाकडे. २८ मार्चला दुसरी फेरी झाली. निवडणुकीच्या कामांमुळे खिडक्या निम्म्याच चालू होत्या. ४ एप्रिलला नोंद झाली.

त्यानंतरच नोंदणी वाढवण्याचा अर्ज घेतला गेला, नमुना २५. दोन्ही एकदम होत नाही. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून हा अर्ज करता येतो, त्यामुळे इंजिनाचा घोळ असेल तर त्याच्याही आधी महिनाभर कामाला लागावं. आमच्याकडे पाडवा आणि ईद धरून बारा दिवस उरले होते. १२ एप्रिलला पासिंग झालं. त्या वेळची फी ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर, पीयूसी आणि चालू इन्शुरन्स. इन्शुरन्स कंपनीला नवीन इंजिन नंबर कळवून पॉलिसीवर दुरुस्ती करून घेतली. थर्ड पार्टीचा हप्ता वाढेल अशी भीती होती, पण खासगी मोटारींचा वरचा टप्पा १५०० सीसीच्या पुढे एकच आहे. २११२ काय आणि २५२३ काय.

ओळख पटवण्याचा नुसता खर्च काढला तर दोन पॅकिंग ३००, वॉशर २०, आणि डिझेल, टेप, खडू यांचे मिळून दीडशेच्या आत. मजुरी नाही, कारण पान्यावर शेजारचा मुलगा होता आणि त्याला जीप चालवायला हवी होती.

एक फायदा नंतर लक्षात आला. पिजोची ताकद मिनिटाला ४,५०० फेऱ्यांना मोजलेली आहे, डीआय सव्वातीन हजारांच्या आसपासच संपतं. गाडी डीपी समजून हायवेवर ताणली जात होती. आता तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात लवकर टाकतो आणि इंजिन कुंथत नाही.

नवीन कार्ड ३ मे रोजी पोस्टाने आलं. इंजिन नंबर बरोबर, २५२३ सीसी बरोबर, आणि मॉडेलच्या रकान्यात अजूनही एमएम ५४० डीपी. ते तसंच राहणार, कारण गाडी त्याच नावाने बनली होती. बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने "डीआय २५२३" लिहून ठेवलंय. पार्ट आणायला कुणीही गेलं तरी आधी बॉनेट उघडायचं.